तुळजापूर रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय आणि त्याचे फलक

सोलापूर शहर मागे पडलं, हिप्परग्याचा तलाव ओलांडला की तुळजापूरकडे जाणाऱ्या चौपदरी रस्त्यावर गाड्या मोकळ्या सुटतात. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२. सोलापूरहून जाताना या रस्त्याच्या उजव्या हाताला, शेतरस्त्यानं किलोमीटरभर आत एक मंगल कार्यालय आहे. दोन भावांनी वडिलोपार्जित जमिनीत बांधलेलं. हॉल मोठा, लॉन त्याहून मोठं, बोअरला पाणी, पार्किंगला जागाच जागा. बुकिंगही येत होतं. तरी दोन लग्नसराया उलटेपर्यंत पंचक्रोशीत त्याची एकच ख्याती झाली: कार्यालय चांगलं आहे, पण सापडत नाही. नाव आणि नेमकी जागा इथं देत नाही. प्रकरण समजायला त्यांची गरज नाही.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा असला की सकाळी दहापासून व्यवस्थापकाचा फोन खाली राहत नसे. पुण्याकडून येणारे बाळे उपनगर ओलांडून येत, तुळजापूर नाक्याचं डावं वळण चुकवत आणि मार्केट यार्डावरून थेट हैदराबाद रस्त्याला लागत. विजयपूरकडून येणाऱ्यांना केगाव-हत्तूर बायपासनं बाहेरून यावं की सैफुल, सात रस्ता करत शहरातून यावं, हेच ठरवता येत नसे. मात्र खरी गोची व्हायची ती अगदी बरोबर रस्त्यावर असलेल्यांची. ते महामार्गावरून ठीक येत, उजवीकडे पलीकडच्या कडेला कार्यालयाची कमान दिसे आणि मध्ये डिव्हायडर. कमानीसमोर कट, म्हणजे डिव्हायडरमधून वळायची जागा, नाही. एक कट अर्धा किलोमीटर अलीकडे, एका वस्तीजवळ. दुसरा पाऊण किलोमीटर पुढे. कमान दिसल्यावर ज्याचा पाय ब्रेकवर जाई त्याच्या मागून ट्रक येत असे.

आणखी एक गोष्ट मालकांच्या बराच काळ लक्षातच आली नव्हती. धाराशिव, लातूरकडून येणाऱ्या पाहुण्यांना काहीच त्रास होत नसे. ते सोलापूरकडे येणाऱ्या बाजूला असत, कमान डाव्या हाताला लागे, वळलं की आत. थोरल्या भावाची सासरवाडी त्याच बाजूची. घरच्या माणसांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून बाकीचे लोक बेपर्वाईनं गाडी चालवतात असं दोघांचं पक्कं मत झालं होतं.

मला बोलावलं गेलं ते फलक मोठे करण्यासाठी. "सर, बोर्ड लहान पडतोय. चाळीस फुटी करू की," हे धाकट्याचं पहिलं वाक्य. पण तोपर्यंत लावलेले फलक महामार्गाच्या गस्ती पथकानं एका सकाळी उतरवून नेले होते आणि मोठं करायला काही उरलंच नव्हतं. त्यामुळे आधी गेलेल्या फलकांचा हिशेब मांडला.

पाच होते. तुळजापूर नाक्याजवळ विजेच्या खांबाला बांधलेला फ्लेक्स. महामार्गाच्या डिव्हायडरमधल्या खांबांवर दोन छोटे. अलीकडच्या वस्तीजवळ चिंचेच्या झाडाला खिळे मारून बसवलेला पत्रा. आणि त्याच वस्तीच्या कटजवळ, रस्त्याच्या हद्दीत, दोन लोखंडी पायांवर उभा केलेला मोठा हिरवा फलक: पांढरी अक्षरं, उजवीकडे बाण, खाली "५०० मी." हा शेवटचा मुद्दाम तसा बनवून घेतला होता. हिरवा-पांढरा फलक सरकारी वाटतो, लोक त्यावर विश्वास ठेवतात, हे पेंटरनं सुचवलं आणि मालकांना पटलं.

सगळं प्रकरण या हिरव्या फलकाभोवती फिरतं. लोक त्याच्यावर खरोखरच विश्वास ठेवत होते. बाण उजवीकडे, अंतर पाचशे मीटर. ड्रायव्हर त्या कटमधून उजवीकडे वळे, पलीकडच्या रस्त्यावर येई आणि पाचशे मीटर जाण्यासाठी उरलेला एकच मार्ग धरी: सोलापूरकडे येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर, राँग साइडनं, कडेकडेनं कमानीपर्यंत. वऱ्हाडाच्या बसदेखील तशाच जात. मालक ज्याला बेपर्वाई म्हणत होते ते फलकानं सांगितलेल्या आज्ञेचं पालन होतं. मी हे बोललो तेव्हा थोरले अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आमीच लोकांना उलटं पाठवलं."

त्यांनी ते मान्य केलं म्हणूनच पुढचं काम झालं. बहुतेक ठिकाणी इथंच वाद सुरू होतो.

उतरवलेल्या प्रत्येक फलकामागे स्वतंत्र कारण होतं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११६ प्रमाणे वाहतूक चिन्हं उभारणं हे राज्य शासनाचं, किंवा ज्या यंत्रणेला तसा अधिकार दिला आहे तिचं काम. इतर कुणी रस्त्यावर किंवा रस्त्यालगत वाहतूक चिन्ह उभारू शकत नाही. जी पाटी वाहतूक चिन्हासारखी दिसून दिशाभूल करते, खरं चिन्ह झाकते किंवा चालकाचं लक्ष विचलित करते, ती काढून टाकण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. हिरवा फलक या वर्णनात तंतोतंत बसत होता. डिव्हायडरवरचे दोन आणि रस्त्याच्या हद्दीतलं सगळंच राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन व वाहतूक) अधिनियम, २००२ खाली येतं. महामार्गाची जमीन परवानगीशिवाय वापरता येत नाही, मग ती खांबाच्या दोन पायांपुरती का असेना. नाक्यावरचा फ्लेक्स महापालिका हद्दीतला. तिथं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ आणि २४५ नुसार जाहिरातीला आयुक्तांची परवानगी लागते आणि २०२२ च्या आकाशचिन्हे व जाहिरात नियमांनी ती प्रक्रिया बांधून दिली आहे. सार्वजनिक जागांवर पत्रकं, फलक लावून त्या विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा राज्याचा वेगळा कायदा आहेच. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांबाबत सविस्तर आदेश दिले, तेव्हापासून पालिकांना हा विषय बाजूला ठेवता येत नाही. चिंचेवरच्या पत्र्याबद्दल वेगळं सांगायला नको.

अण्णांचा युक्तिवाद मात्र मला खोडता आला नाही, आणि आजही येत नाही. ते म्हणाले, "पेट्रोल पंपाचं चित्र सरकार लावतंय, दवाखान्याचं लावतंय. माझ्याकडं एका दिवसाला हजार माणूस येतंय. ते कुठनं वळायचं हे त्याला कोण सांगणार?"

आपल्याकडच्या पद्धतीत याचं उत्तर नाही. भारतातले रस्त्यांचे फलक इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या आयआरसी:६७ या संहितेप्रमाणे बनतात. त्यात महामार्गावरचे दिशाफलक हिरव्यावर पांढरे, सुविधा सांगणारे फलक निळे: पंप, रुग्णालय, उपाहारगृह, विश्रांतीची जागा. हे फलक पुढं काय मिळेल ते सांगतात, कुणाचं आहे ते सांगत नाहीत. पर्यटनस्थळांसाठी तपकिरी फलक आहेत, त्यात खासगी कार्यालय बसत नाही. शासकीय फलक कुणाचा धंदा पुढं करणार नाही हे तत्त्व मला मान्य आहे. पण हजार माणसं एका दुपारी वेगवान रस्त्यावरून एका अनोळखी वळणाकडे येत असतील, तर तो प्रश्न त्या धंद्यापुरता राहत नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा, दूधवाल्याचा आणि शाळेच्या गाडीचाही होतो.

इतर देशांनी या तिढ्यावर काढलेले मार्ग पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत मोठ्या महामार्गांवर बाहेर पडण्याच्या वळणाआधी निळा फलक असतो आणि त्यावर पुढच्या हॉटेलांची, पंपांची, मुक्कामाच्या जागांची बोधचिन्हं ठरलेल्या चौकटींत बसवलेली असतात. एका फलकावर सहाच्या वर नाहीत. व्यावसायिक शुल्क भरतो, पण रंग, आकार, जागा रस्ते खातं ठरवतं. ब्रिटनमध्ये तपकिरी फलक खासगी पर्यटनस्थळालाही मिळतो. अर्ज करायचा, निकष पुरे करायचे, खर्च स्वतः सोसायचा. दोन्हीकडे मालकाच्या हातात फलकाचा मजकूर राहत नाही, आणि बदल्यात त्याला कायदेशीर जागा मिळते. महाराष्ट्रात मंगल कार्यालयं, कृषी पर्यटन केंद्रं आणि हुरडा पार्ट्यांची शेतं ज्या संख्येनं महामार्गांच्या कडेला उभी राहत आहेत, ती पाहता अशी शुल्क घेऊन, एकाच नमुन्यात दिशा दाखवणारी व्यवस्था शासनानं करायलाच हवी. ती नाही म्हणूनच प्रत्येक जण आपापला फ्लेक्स घेऊन खांबावर चढतो आणि खरे फलक त्यामागे झाकले जातात.

ती व्यवस्था येईपर्यंत लग्नं थांबणार नव्हती. म्हणून फलक बाजूला ठेवून आधी रस्ता पाहिला.

ज्यानं ते कार्यालय कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला गाडी चालवायला बसवलं, आणि मी व धाकटे मागे बसून बोलायचं नाही असं ठरवलं. पुण्याच्या, विजयपूरच्या आणि हैदराबादच्या दिशेनं प्रत्येकी एकदा. तो जिथं जिथं वेग कमी करून इकडंतिकडं पाहू लागला त्या जागा वहीत लिहिल्या. मालकांना वाटत होतं अशा जागा पंधरा-वीस निघतील. निघाल्या पाच: तुळजापूर नाका, अलीकडचा कट, पुढचा कट, वळून आल्यावरचा कमानीकडचा टप्पा, आणि शेतरस्त्यावर जिथं वाट दुभागते ते ठिकाण. बाकी सगळीकडे माणूस सरळ जातो आणि त्याला काही सांगावं लागत नाही. जुन्या फलकांपैकी डिव्हायडरवरचे दोन्ही अशा ठिकाणी होते जिथं चालकाला काही ठरवायचंच नव्हतं.

तुळजापूर नाक्यावर काहीही लावायचं नाही असं ठरलं. मालकांना हे सगळ्यात जास्त खटकलं, कारण तिथंच गर्दी, तिथंच नाव दिसणार. पण नाव दिसणं आणि वाट कळणं ही कामं वेगळी आहेत, आणि तिथं वाट दाखवायला तुळजापूरचा सरकारी फलक आधीच उभा आहे. पाहुण्याला एवढंच माहीत हवं की आपल्याला तुळजापूरच्या दिशेनं जायचं आहे. ते त्याला पत्रिकेत सांगता येतं. पूर्वी पत्रिकेवर "तुळजापूर रोड, सोलापूर" एवढंच छापलं जाई. आता बुकिंग करतानाच कार्यालय चार ओळींचा मजकूर देतं आणि तो जसाच्या तसा छापायची विनंती करतं: तुळजापूर नाक्यावरून तुळजापूरच्या फलकाप्रमाणे निघावे, हिप्परगा तलाव मागे टाकावा, वस्तीजवळचा कट सोडून पुढच्या कटवरून यू-टर्न घ्यावा, परत येताना डाव्या हाताला जांभळी कमान. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पत्रिकेखालीही हाच मजकूर जातो.

मोबाइलच्या नकाशाचं काम वेगळंच निघालं. गूगल मॅप्सवर कार्यालयाची खूण होती, पण कुणीतरी ती महामार्गाच्या कडेला, कमानीजवळ टोचली होती आणि आतला शेतरस्ता नकाशात नव्हताच. अशा वेळी नकाशा खुणेच्या सर्वात जवळच्या रस्त्यावर आणून सोडतो. इथं तो सोलापूरहून येणाऱ्याला डिव्हायडरच्या अलीकडे आणून "पोहोचलात" असं सांगायचा. खूण उचलून हॉलच्या फाटकावर नेली, शेतरस्ता नकाशात घालण्याची सूचना पाठवली. तो दिसायला लागल्यावर नकाशा आपोआप पुढच्या कटवरून वळवू लागला. एवढ्या एका दुरुस्तीनं फोन जितके कमी झाले तितके कुठल्याही फलकानं झाले नाहीत. तरीही फलक लागतातच, कारण वऱ्हाडाच्या बसचा चालक नकाशा पाहत नाही आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मामांचा फोन बहुतेकदा डिस्चार्ज झालेला असतो.

आता उरलेले दोन कट. इंडियन रोड्स काँग्रेसचं रस्त्याकडेच्या जाहिरातींबाबतचं धोरण, आयआरसी:४६, १९७२ सालचं आहे, पण त्यातली अंतरं आजही उपयोगी पडतात: चौक, पूल किंवा ओलांडणीपासून १०० मीटरच्या आत जाहिरात नको, वाहतुकीच्या अधिकृत फलकापासून ५० मीटरच्या आत नको, गाड्या चालतात त्या पट्ट्याच्या काठापासून १० मीटरच्या आत नको. झाडावर नको, रस्त्यावर आडवं कापड नको. ही बंधनं वाचून धाकटे म्हणाले, "मग लावायचा कुठं?" उत्तर सोपं होतं. दुसऱ्याच्या शेतात, त्याला विचारून. डाव्या हाताच्या दोन शेतकऱ्यांनी महामार्गाच्या हद्दीबाहेर, आपल्या बांधावर जागा दिली. एकानं पैसे घेतले नाहीत, मुलीच्या लग्नाला हॉल सवलतीत मागितला. दोघांशी साध्या कागदावर करार झाला, ग्रामपंचायतीची नाहरकत घेतली.

कटपासून शंभर मीटरपेक्षा लांब राहायचं हे बंधन आपल्या फायद्याचंच आहे, हे थोडं गणित केल्यावर दोघांनाही कळलं. चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरवली होती. त्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते आणि सुरक्षित थांबण्यासाठी आपल्या रस्ते-आखणीच्या मानकांत १८० मीटर अंतर धरलं जातं. ताशी ८० ला सेकंदाला २२ मीटर आणि थांबायला १२० मीटर. म्हणजे वळणावरच लावलेला फलक वाचून कुणी सुखरूप वळू शकत नाही. तो वाचेपर्यंत वळण मागे गेलेलं असतं, किंवा मागचा माणूस अंगावर आलेला असतो.

अक्षरांचा आकारही याच हिशेबातून निघाला. अमेरिकेतल्या फलकांसाठी वापरला जाणारा ठोकताळा असा की एक इंच उंचीचं अक्षर तीस फुटांवरून वाचता येतं, म्हणजे अडीच सेंटिमीटरला साधारण नऊ मीटर. जुन्या फ्लेक्सवर वरती देवांचे फोटो, बाजूला दोघा भावांचे, मध्ये नक्षीदार अक्षरांत नाव, खाली "एसी हॉल, लॉन, केटरिंग, डेकोरेशन, भव्य पार्किंग" आणि दोन मोबाइल नंबर. खालची अक्षरं चार सेंटिमीटरची होती. ती चौदा मीटरवरून वाचता येणार, आणि ताशी ८० नं येणाऱ्याला त्यासाठी एक सेकंदही मिळणार नाही. तीस सेंटिमीटरचं अक्षर शंभरेक मीटरवरून वाचता येतं, पाच सेकंद हाताशी येतात. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि उकार वरखाली जात असल्यानं हे माप मी फक्त अक्षराच्या अंगाचं धरतो, मात्रा त्याबाहेर.

तीस सेंटिमीटरच्या अक्षरात नाव बसवायचं तर नाव लहान हवं. इथं काम अडलं. कार्यालयाला वडिलांचं नाव आहे, पूर्ण नाव, पुढे "कै." आणि मागे आडनाव. अण्णांना ते प्रत्येक फलकावर पूर्ण हवं होतं. ज्या माणसानं विहीर खणून ही जमीन बागायत केली, त्याचं नाव रस्त्यावर लहान करायचं नाही. मी त्यांना आग्रह केला नाही. त्यांच्या आईंनीच तोड काढली: पूर्ण नाव फाटकावर दगडात कोरा, तिथं माणूस थांबून वाचतो, रस्त्यावर सगळे ज्या नावानं हाक मारायचे ते तीन अक्षरी नाव लिहा. पंचक्रोशीत कार्यालयाला लोक आधीपासून तेच म्हणत होते.

रंग ठरवताना सरकारी वाटेल असं काही नको होतं. हिरवा आणि निळा तर बादच. पिवळा रस्त्याच्या कामांच्या ठिकाणी लावतात, लाल इशाऱ्याचा, तपकिरी पर्यटनाचा. उरला जांभळा. गडद जांभळ्यावर पांढरी अक्षरं लांबून उठून दिसतात आणि कुठल्याही अधिकृत फलकाशी गल्लत होत नाही. कमान, फलक, पत्रिकेतली पट्टी सगळं त्याच रंगात केलं, म्हणजे एकदा रंग कळला की पुढचं अक्षरही न वाचता ओळखता येतं.

अलीकडच्या कटआधी जो फलक लावला त्यावर नाव, सरळ जाणारा बाण आणि "पुढच्या कटवरून यू-टर्न" एवढंच आहे. इथं वळू नका, हे सांगण्यासाठी पैसे खर्च करायचे हे मालकांना पटायला वेळ लागला. माझ्या मते सगळ्या फलकांत हाच सर्वात मोलाचा. दुसरा पुढच्या कटआधी, वळणाच्या बाणासह. तिसरा परतीच्या बाजूला, त्यांच्याच शेतात, डावीकडे बाण. लिपीवरून चर्चा झाली, कारण सोलापूरच्या लग्नात कानडी आणि तेलुगू बोलणारे पाहुणे हमखास असतात. विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादकडचे नातेवाईक मराठी वाचतीलच असं नाही. महामार्गावर दोन लिप्यांच्या वर जाऊन उपयोग नाही, पाच सेकंदांत तेवढंच मावतं, म्हणून तिथं मराठी आणि इंग्रजी. शेतरस्त्यावर वेग वीसचा असतो, तिथं दुभागणाऱ्या वाटेवर चारही लिप्या आल्या.

सगळे फलक पत्र्याचे, परावर्तक शीटचे. रिसेप्शन संध्याकाळी असतं आणि लोक रात्री परततात. फ्लेक्सवर हेडलाइट पडला तर नुसती चकाकी दिसते. लुकलुकणारे दिवे लावू दिले नाहीत. आकारही बेताचा ठेवला. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा सोलापूरच्या उघड्या माळावर वारा कसा घुसतो हे इथल्यांना सांगायला नको, आणि लग्नांची गर्दी नेमकी त्याच दिवसांत. १३ मे २०२४ ला घाटकोपरला अशाच वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. चाळीस फुटी फलकाची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

एक फलक मूळ विचारात नव्हता, तो बाहेर पडणाऱ्यांसाठी. शेतरस्ता महामार्गाला मिळतो तिथं गाड्या सोलापूरच्या दिशेनं जात असतात. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाऊ म्हणणारं वऱ्हाड जेवण आटोपून उजवीकडे वळे, म्हणजे पुन्हा राँग साइड. आता तोंडावर, मालकांच्या हद्दीत, आतून दिसणारा फलक आहे: तुळजापूर, धाराशिव, लातूरसाठी डावीकडे वळून वस्तीच्या कटवरून यू-टर्न. मोठ्या लग्नाच्या दिवशी तिथं शिट्टी घेऊन एक माणूस उभा असतो, त्याचा पगार हॉलच्या भाड्यात धरलेला आहे.

लग्नाच्या दिवशी दोन्ही घरचे जे कागदी बाण चिकटवतात त्यांची अडचण सगळ्याच कार्यालयांना आहे. खांबांवर "विवाहस्थळाकडे" असे बाण लागतात, लग्न होतं, बाण तसेच राहतात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच लग्नाच्या पाहुण्यांना घेऊन जातात. कार्यालयानं बुकिंगच्या अटींत महामार्गावर आणि शहरात काही चिकटवायचं नाही असं घातलं. त्याऐवजी दोन्ही आडनावांच्या पाट्या अडकवता येतील असे लोखंडी स्टँड ते स्वतः देतात, ते फक्त शेतरस्त्यावर लागतात आणि रात्री वॉचमन गोळा करतो. काही यजमान कुरकुरतात. नाक्यावर आपलं नाव दिसावं ही हौस समजण्यासारखी आहे. तरी अट सैल केलेली नाही.

शेतरस्त्यावर एक हुरड्याचं शेत आहे, तिथं डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईची गर्दी असते, आणि एक परमिट रूम असलेलं हॉटेल. तोंडावर तिघांचा मिळून एकच फलक करावा असं ठरलं. प्रत्येकाला एक ओळ, सारख्या उंचीची, फोन नंबर नाही. हॉटेलवाल्यांना ओळीत "बार" हवं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१६ च्या आदेशात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर मद्यविक्री सांगणारे फलक आणि जाहिराती काढायला लावल्या आहेत, त्यामुळे तिथं नुसतं "हॉटेल" आलं. त्यांनी थोडी नाराजी दाखवली आणि वर्गणी दिली.

कागदांच्या बाबतीत मात्र एक मोठं काम उरलं आहे, आणि ते फलकांचं नाही. २००२ च्या कायद्यात महामार्गावर वाहनानं प्रवेश करण्याचा हक्कच परवानगीवर अवलंबून ठेवला आहे. जमीन एनए (बिगरशेती) झाली, हॉल उभा राहिला, पण शेतरस्त्याचं तोंड आजही कागदोपत्री बैलगाडीच्या वाटेचंच आहे. मंगल कार्यालयासाठी प्रवेशाची परवानगी घ्यायची म्हणजे तोंड रुंद करणं, वेग कमी करायला पट्टा ठेवणं, पावसाच्या पाण्याचा निचरा, हे सगळं नकाशावर दाखवावं लागतं. फलकाचा विषय काढला की अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न याच परवानगीचा असतो, आणि तो रास्त आहे. त्याचा आराखडा आता एका अभियंत्याकडे दिला आहे.

कोजागरीच्या दिवसांत वेगळी तजवीज लागते. अश्विन पौर्णिमेला सोलापुरातून लाखो भाविक तुळजापूरला चालत जातात, रस्ता वाहनांना बंद होतो आणि वाहतूक दुसरीकडून वळवली जाते. तेव्हा लग्नं नसली तरी साखरपुडे, वाढदिवस असतात. त्या दिवसांचं बुकिंग घेताना कार्यालय यजमानांना आधीच सांगतं, आणि पोलिसांनी जाहीर केलेला पर्यायी मार्ग पत्रिकेतल्या चार ओळींच्या जागी पाठवतं.

शेवटचा अर्ज गेल्या महिन्यात दिला. पुढच्या कटआधी यू-टर्नचा अधिकृत फलक, आणि वस्तीच्या कटपासून कमानीच्या दिशेनं प्रवेश बंद असल्याचं चिन्ह, एवढ्या दोनच मागण्या. त्यावर कार्यालयाचे दोघे भाऊ, हुरड्याचे मालक, हॉटेलवाले, बांधावर जागा देणारे दोन्ही शेतकरी, वस्तीवरचे दूधवाले आणि शाळेच्या व्हॅनचा चालक यांच्या सह्या आहेत. अर्जात कार्यालयाचं नाव फक्त सहीखाली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.